बुडाखालचं नाव

२०२३ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात वापरलेल्या वस्तू विकून धर्मादाय काम चालवणारं एक दुकान आहे. तिथे एका बाईंना फळीवर काचेची फुलदाणी दिसली. बाटलीच्या घाटाची, फुटाहून थोडी उंच, आणि अंगावर लाल नि समुद्री हिरव्या रंगाचे पट्टे कुंचला फिरवल्यासारखे वर चढत गेलेले. किंमत ३ डॉलर ९९ सेंट. बाईंना जुन्या वस्तूंचा नाद होता. बुडाशी मुरानोचं नाव असावं असं वाटलं म्हणून त्यांनी ती घेतली. त्याच डिसेंबरात शिकागोच्या राइट या लिलावघरात ती १,०७,१०० डॉलरला गेली.

अशी बातमी वाचली की प्रत्येकाला आपल्या माळ्यावरची ट्रंक आठवते. दिवाळीच्या साफसफाईत आत्याने दिलेला ‘तो फ्लॉवरपॉट’ पुन्हा एकदा उलटा करून पाहिला जातो. हरकत नाही, जरूर पाहावा. पण लिलावाच्या नोंदीत नावं कुणाकुणाची होती, हे मला किमतीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. कारखाना वेनिनी. रेखाटन कार्लो स्कार्पा. मालिका ‘पेन्नेल्लाते’, साल १९४२ च्या सुमाराचं. भट्टीपुढे उभं राहून नळीत हवा फुंकून, रंगीत काचेचे ते फटकारे ओल्या मधासारख्या काचेवर ज्याने फिरवले, त्याचं नाव मात्र कुठेच नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावरची इटालियन काच गोळा करणाऱ्यांचा सगळा कारभार नावांवर चालतो, आणि ज्याच्या हाताने ती वस्तू झाली त्याचं नाव बहुतेक वेळा त्या कारभारात नसतंच.

मुरानो हे व्हेनिसच्या उत्तरेला खाजणात वसलेलं बेट. पाण्यावरच्या बसने दहा-पंधरा मिनिटांत पोचता येतं. १२९१ साली व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने शहरातल्या काचभट्ट्या या बेटावर हलवायला लावल्या. लाकडी घरांच्या शहराला आगीची धास्ती होती हे उघड कारण. सगळे कारागीर एका जागी नजरेखाली राहतात ही सोयही होतीच. पुढे काचकामाची विद्या घेऊन बेट सोडून जाणं हा गुन्हा ठरला. उलट बाजूने मानही मोठा: काचवाल्याच्या मुलीने उमरावाच्या घरात लग्न केलं तर तिच्या मुलांची उमरावी जात नसे. पिंजरा सोन्याचा होता, एवढंच.

अठराव्या शतकाच्या शेवटी प्रजासत्ताक बुडालं आणि धंदाही बसला. एकोणिसाव्या शतकात तो पुन्हा उभा राहिला तो जुन्याच्या नकलांवर. ड्रॅगनच्या दांड्याचे पेले, फुलापानांनी लडबडलेली झुंबरं, पर्यटकाला ‘व्हेनिस’ म्हणून हवं असेल ते सगळं. या गोडमिट्ट कारभाराला पहिला धक्का बाहेरच्या माणसाने दिला. पाओलो वेनिनी हा मिलानचा वकील. १९२१ साली त्याने जाकोमो कापेलिन या व्हेनिसच्या पुराणवस्तू व्यापाऱ्याबरोबर भागीदारीत कारखाना काढला. रेखाटनं करायला व्हित्तोरिओ झेक्किन हा चित्रकार घेतला. झेक्किनने केलं काय, तर व्हेरोनेझेच्या एका चित्रात दिसणारी साधी, पारदर्शक फुलदाणी उचलली आणि तशीच करून घेतली. ना दांडी, ना फूल, ना ड्रॅगन. नुसता घाट आणि पातळ भिंत. त्या काळच्या मुरानोत ही बंडखोरीच होती. भागीदारी १९२५ मध्ये मोडली, पण वेनिनीचं सूत्र ठरून गेलं: कल्पना चित्रकाराची किंवा वास्तुविशारदाची, हात मुरानोच्या उस्तादाचा, आणि सही कारखान्याची.

या सूत्राने काचेचं भलं झालं हे मान्य करायलाच हवं. नापोलेओने मार्तिनुझ्झी हा मूर्तिकार आला आणि १९२८ च्या सुमारास त्याने बुडबुड्यांनी भरलेली, फेसाळ, जवळजवळ दगडासारखी दिसणारी काच करून घेतली. तिला ‘पुलेगोझो’ म्हणतात. बुडबुडा म्हणजे काचेतला दोष असं शेकडो वर्षं शिकवलेल्या कारागिरांकडून मुद्दाम बुडबुडे काढून घेणं सोपं गेलं नसणार. मग १९३२ पासून १९४७ पर्यंत कार्लो स्कार्पा. हा पुढे वेरोनाच्या कास्तेलव्हेक्किओ संग्रहालयाचा आणि सान मार्को चौकातल्या ऑलिव्हेत्तीच्या दुकानाचा वास्तुकार म्हणून जगभर नावाजला गेला, पण त्याचा हात तयार झाला तो भट्टीशेजारी. घासून खरबरीत केलेली काच, हातोडीने ठोकल्यासारखे चट्टे उमटवलेली काच, बारीक चिरा ओढलेली काच: गरम कामानंतर थंड काचेवर चाकाने काम करायची जुनीच तंत्रं त्याने नव्या हेतूने वापरली. २०१२ साली व्हेनिसच्या सान जोर्जो बेटावरच्या ‘ले स्तांझे देल व्हेत्रो’ या दालनात त्याच्या या पंधरा वर्षांचं प्रदर्शन भरलं आणि तेच पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेलं. आज स्कार्पाच्या काचेचे जे भाव दिसतात त्यांत त्या प्रदर्शनांचा वाटा आहे, असं माझं मत.

युद्धानंतरचा काळ हा या छंदाचा गाभा. इटली उद्ध्वस्त, पण कारागीर शाबूत. अमेरिकन पैसा येत होता आणि अमेरिकन घरांना नवं, रंगीत, हलकंफुलकं सामान हवं होतं. १९५० च्या शेवटी ब्रुकलिन संग्रहालयात ‘इटली अ‍ॅट वर्क’ हे प्रदर्शन उघडलं आणि पुढची तीन वर्षं अमेरिकेतल्या शहरांतून फिरलं. अमेरिकेतल्या फडताळांवर आज इतकी इटालियन काच का सापडते, याचं उत्तर इथे सुरू होतं.

याच दिवसांत फुल्व्हिओ बिआंकोनी हा व्यंगचित्रं आणि पुस्तकांची मुखपृष्ठं काढणारा गडी वेनिनीकडे आला. १९४८-४९ मध्ये त्याच्या आणि पाओलो वेनिनीच्या डोक्यातून ‘फात्सोलेत्तो’ निघाली: टेबलावर चिमटीने उचललेला रुमाल हवेतच थिजावा तशी फुलदाणी. या कुळातली सगळ्यांत ओळखीची आणि सगळ्यांत जास्त नक्कल झालेली वस्तू हीच.

ती होते कशी ते पाहण्यासारखं आहे. उस्ताद लाकडी बाकावर बसतो. बाकाच्या दोन्ही हातांवर लोखंडी नळी आडवी फिरत असते, आणि ती फिरवणं क्षणभरही थांबत नाही. थांबलं की काच खाली ओघळते. फुगा फुंकून झाला की त्याच्या बुडाला दुसरी सळई चिकटवतात आणि फुंकनळीकडची बाजू तोडतात. आता फुग्याला तोंड आलं. ते पुन्हा आगीत धरायचं, चिमट्याने उघडत न्यायचं, पुन्हा आगीत, पुन्हा उघडायचं, असं करत फुग्याची पसरट थाळी होते. शेवटचा शेक जबर द्यायचा. थाळी लिबलिबीत झाली की सळई उभी करून थाळी जमिनीकडे तोंड करून धरायची. कडा आपल्याच वजनाने लोंबायला लागतात, घड्या पडतात. उस्ताद चिमट्याने एखादी घडी ओढतो, एखादी दाबतो. हा सगळा खेळ काही सेकंदांचा; त्यानंतर काच ऐकत नाही. म्हणून कुठल्याही दोन ‘फात्सोलेत्ती’ तंतोतंत सारख्या नसतात, आणि म्हणूनच कागदावरचं रेखाटन इथे फार तर सूचना असते. घडी कुठे थांबवायची हा निर्णय रेखाटनकाराचा नसतो. वेनिनीच्या भट्टीवर आर्तुरो बिआसुत्तो नावाचा उस्ताद होता, बेटावर त्याला ‘बोबोली’ म्हणत. जाणकारांच्या तोंडी हे नाव असतं. किमतीच्या चिठ्ठीवर ते क्वचितच चढतं.

मग वस्तू सावकाश निवण्याच्या भट्टीत जाते, साधारण ५०० अंशांपासून हळूहळू खाली. जाड वस्तूला दिवसभर किंवा त्याहून जास्त. घाई केली तर आतला ताण राहतो आणि कधीतरी, कपाटात नुसती उभी असताना, तडा जातो. दोन रंग एकमेकांना चिकटवायचे तर दोन्ही काचा निवताना सारख्याच प्रमाणात आकसल्या पाहिजेत, नाहीतर तेच. बिआंकोनीची ‘पेत्सातो’ मालिका म्हणजे गोधडीसारखे रंगीत तुकडे जोडून फुगवलेली फुलदाणी. ती इतकी वर्षं टिकून आहे यामागे रंग कालवणाऱ्याची पिढीजात वही आहे. मुरानोतल्या घराण्यांनी सगळ्यांत जास्त जपलं ते या वह्यांना.

वेनिनी म्हणजे सगळं मुरानो नव्हे, जरी लिलाववाले तसं भासवतात. सेगुझो व्हेत्री दार्ते या कारखान्यात फ्लाव्हिओ पोलीने ‘सोम्मेर्सो’ तंत्राला शिखरावर नेलं: एका रंगाचा गोळा दुसऱ्या पारदर्शक काचेच्या भांड्यात बुडवायचा, मग तिसऱ्या. शेवटी जाड स्वच्छ काचेच्या पोटात रंग तरंगत राहतो. १९५४ साली इटलीतला ‘कोम्पास्सो दोरो’ हा रचनेचा पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला, तेव्हा पोलीच्या अशा एका फुलदाणीचा त्यात मान होता. दीनो मार्तेन्सने आउरेलिआनो तोझोच्या कारखान्यात ‘ओरिएंते’ केली. पिवळा, लाल, काळा, निळा, चमचमती अभ्रकी काच, जाळीदार नळ्यांचे तुकडे, सगळं एका अंगावर. मला ती फार आवडते असं नाही, पण पन्नाशीच्या दशकाचा उत्साह तिच्यात जितका दिसतो तितका दुसरीकडे नाही. आर्किमेदे सेगुझो मात्र वेगळी जात. तो स्वतःच उस्ताद, स्वतःच रेखाटनकार, स्वतःच मालक. त्याची १९५२ ची ‘मेर्लेत्तो’ पाहिली की काचेच्या आत लेस विणलेली दिसते. १९९६ च्या जानेवारीत व्हेनिसचं ला फेनिचे नाट्यगृह जळलं, तेव्हा शेजारच्याच घराच्या खिडकीतून त्याने रात्रभर ती आग पाहिली. वय ८६. नंतर भट्टीवर जाऊन त्याने त्या ज्वाळांच्या शंभराहून जास्त फुलदाण्या केल्या.

आता संग्राहकांकडे वळू. हा छंद खर्चीक असलाच पाहिजे असं नाही. साठीच्या दशकात मुरानोने राखदाण्या, कडा ओढून काढलेल्या वाट्या, मासे, कोंबडे, पैलू पाडलेल्या सोम्मेर्सो फुलदाण्या असा ढिगाने माल काढला, आणि त्यातलं बरंचसं अजून पन्नास-साठ युरोंत मिळतं. शिवाय इटालियन काच म्हणजे फक्त मुरानो नव्हे. तोस्कानातल्या एम्पोली गावाची हिरवी काच हे वेगळंच प्रकरण. साध्या वाळूतल्या लोखंडाने आलेला हिरवा रंग, वाइनच्या बुधल्यांची परंपरा, आणि पन्नास-साठच्या दशकात त्यातून निघालेल्या लांब मानेच्या, टोकदार बुचाच्या अवाढव्य बाटल्या. अरब्यन नाइट्समधला राक्षस कोंडावा अशा. यांच्यावर नाव नसतंच, आणि नाव नसल्यामुळे किमतीही माणसात असतात.

आरेझ्झो हे एम्पोलीहून फार लांब नाही. तिथे १९६८ पासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि त्याच्या आदल्या शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. उतरत्या चौकात, कमानींखाली, गल्लीबोळांत. तिथल्या जुन्या गिऱ्हाइकांकडे पाहत राहावं. ते वस्तू हातात घेतल्यावर आधी उलटी करतात. डाव्या पंजावर तोलून वजन घेतात. काठावरून अंगठा फिरवतात, कुठे खपली आहे का. मग बुडाशी नख. जिथे सळई चिकटवली होती तिथे व्रण असतो. चांगल्या कारखान्यात तो घासून गुळगुळीत खळगा केलेला असतो. बुडाच्या कडेला वर्षानुवर्षं फळीवर सरकून पडलेले बारीक ओरखडे हवेत, आणि ते सैरावैरा हवेत. सगळे एकाच दिशेने गेलेले असले तर कुणीतरी पॉलिश पेपर फिरवला आहे असं समजावं. काही जण खिशातून जांभळ्या उजेडाची छोटी विजेरी काढतात. युरेनियम घातलेली काच त्या उजेडात झगझगीत हिरवी होते. गंमत छान आहे, पण चकाकी म्हणजे वयाचा दाखला नव्हे. तशी काच आजही करता येते.

आणि सही. वेनिनीच्या मधल्या काळातल्या मालावर बुडाशी आम्लाने उमटवलेला बारीक शिक्का असतो, ‘वेनिनी मुरानो इतालिया’, तीन ओळींत. पुढच्या काळात हिऱ्याच्या टोकाने कोरलेली सही आली, मग तिच्याबरोबर साल. कारखान्याने आपली जुनी रेखाटनं पुन्हा पुन्हा काढली आहेत. ती अस्सलच, पण १९५० ची फात्सोलेत्तो आणि तीच १९९० ची यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. बाकीचे बहुतेक कारखाने कागदी चिकटपट्टीवर भागवायचे, ती पहिल्या धुण्यात गळून पडे. त्यामुळे बाजारातल्या नव्वद टक्के गप्पा ‘हे कुणाचं असावं’ याच असतात, आणि विक्रेता जितका अडाणी तितकं मोठं नाव सांगतो. गळून पडलेल्या पट्टीच्या जागी नवी सोनेरी पट्टी चिकटवणारेही आहेतच. चिनी माल मुरानोचा म्हणून थेट व्हेनिसच्या दुकानांत विकला जातो, ही बेटावरची जुनी तक्रार. १९९४ साली व्हेनेतो प्रांताने कायदा करून ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे बोधचिन्ह ठरवलं. ते नव्या मालाला लागतं. जुन्या मालासाठी डोळे आणि पुस्तकं एवढंच साधन. त्यातलं सगळ्यांत मोठं पुस्तक पाओलो वेनिनीच्या मुलीने, आन्ना वेनिनी दियाझ दे सांतिल्लाना यांनी केलं: वेनिनीच्या १९२१ ते १९८६ पर्यंतच्या कामाची समग्र सूची. १९७२ च्या आगीत कारखान्याच्या संग्रहालयाचं मोठं नुकसान झालं होतं, म्हणून या सूचीचं मोल आणखी.

आपल्याकडे ही काच अगदीच अनोळखी नाही. लॉइड त्रिएस्तीनो या इटालियन कंपनीच्या बोटी मुंबईला नियमित यायच्या. १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी ब्रिंदिसीहून याच कंपनीच्या ‘पिल्स्ना’ बोटीत बसले. पन्नाशीत तिच्याच ‘आसिया’ आणि ‘व्हिक्टोरिया’ या नव्या बोटी इटली-मुंबई मार्गावर होत्या, आणि युरोपात शिकायला जाणाऱ्या कितीतरी मराठी मुलांनी इटलीचा पहिला किनारा त्यांच्या कठड्यावरून पाहिला. परत येताना जेनोआत किंवा व्हेनिसमध्ये घेतलेलं काहीतरी पेटाऱ्यात कपड्यांच्या घडीत गुंडाळून येई. असल्या वस्तू आता घरं मोडताना बाहेर पडतात आणि भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारात जाऊन बसतात. मटन स्ट्रीटवर एका दुकानात निळ्या-हिरव्या सोम्मेर्सोची लहानशी राखदाणी मी उचलली, तर मालक म्हणाला, “मॅडम, बेल्जियम है. असली.” आपल्याकडे कुठलीही बरी काच बेल्जियमचीच असते. मी राखदाणी उलटी केली, खळगा गुळगुळीत होता, ओरखडे सैरावैरा होते. “बेल्जियमची असेल तर कमी करा,” म्हटलं. तो हसला आणि त्याने शंभर रुपये कमी केले. कुणाची ते मला आजही सांगता येणार नाही, आणि विकत घेताना त्याची गरजही वाटली नाही.

नावांच्या या राजकारणाचं टोक १९६२ च्या व्हेनिस बिएन्नालेत दिसलं. टॉमस स्टर्न्स हा विशीतला अमेरिकन शिष्यवृत्तीवर वेनिनीकडे आला होता. काच फुंकण्याची पद्धत त्याला येत नव्हती, आणि त्यामुळेच तो उस्तादांना अशक्य गोष्टी मागायचा: तिरपे घाट, धूसर रंग, अर्धवट मिटलेली तोंडं. फ्रांचेस्को ओंगारो, उर्फ ‘केक्को’, हा उस्ताद त्याच्या बाजूने उभा राहिला आणि दोघांनी मिळून मुरानोत आधी कुणी न पाहिलेली काच केली. परीक्षकांनी स्टर्न्सच्या कामाला सर्वोच्च मान द्यायचं ठरवलं. मग कळलं की माणूस इटालियन नाही. मान काढून घेतला गेला. काच मुरानोची, भट्टी मुरानोची, हात मुरानोच्या उस्तादाचा. तरी नाव परक्याचं म्हणून ती परकी ठरली. केक्को ओंगारोचं नाव परीक्षकांनी लक्षात घेतलं असतं तर हा पेच पडलाच नसता. पण तशी पद्धत नव्हती.

या गोष्टीचा पुढचा धागा अमेरिकेत जातो. १९६८ साली डेल चिहुली हा तरुण वेनिनीत शिकायला आला, सगळं पाहून गेला आणि १९७१ मध्ये सिअ‍ॅटलच्या उत्तरेला जंगलात पिल्चक नावाची काचशाळा काढली. १९७८ मध्ये तिथे शिकवायला गेलेला पहिला मुरानो उस्ताद हाच केक्को. पुढच्या वर्षी त्याने आपल्या जागी बहिणीच्या नवऱ्याला धाडलं: लिनो ताल्यापिएत्रा, जन्म १९३४. बालपणीच आर्किमेदे सेगुझोच्या भट्टीवर उमेदवारी, विशी ओलांडताच उस्ताद, आणि तोवर सगळं काम कारखान्यांच्या नावावर. अमेरिकेत त्याने हातचं काही राखलं नाही. नळ्यांची जाळी कशी ओढायची, दोन जाळ्या एकमेकींत कशा बसवायच्या की प्रत्येक घरात एकेक बुडबुडा अडकावा, सगळं उघडं करून दाखवलं. बेटावर अनेकांना ते रुचलं नाही. सातशे वर्षांची विद्या याने परक्यांच्या ओंजळीत ओतली, असं बोललं गेलं. त्याच परक्यांच्या देशात लिनो स्वतःच्या सहीने काम करू लागला आणि संग्रहालयं त्या सहीसाठी रांगेत उभी राहिली.

संग्राहकांपुढे मात्र त्याने एक नवीनच डोकेदुखी ठेवली. पूर्वी जाळीकाम दिसलं की डोळे मिटून मुरानो म्हणता यायचं. आता १९८० नंतरची वस्तू असेल तर ती वॉशिंग्टन राज्यातल्या एखाद्या शेडमध्ये, तिशीतल्या एखाद्या मुलीने फुंकलेली असू शकते, आणि कामात ती बेटावरच्या मालाला हार जात नाही. आरेझ्झोच्या बाजारात अशी वस्तू आली की दोन म्हातारे तासभर वाद घालतात. शेवटी ज्याला ती आवडली असते तो पैसे मोजून घेऊन जातो.